दाराचं तोंड कुणाकडे

मराठवाड्यात दरवाजे म्हटले की आधी आठवतं ते औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरनं १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा, पुढे मोगलांच्या तटबंदीतले दिल्ली, मकाई, पैठण हे दरवाजे. बावन्न दरवाजांचं शहर ही त्याची ओळख अजून पुसलेली नाही. ते दरवाजे सत्तेचे होते. कुणाला शहरात घ्यायचं आणि कुणाला रात्री बाहेर ठेवायचं, याचा निकाल तिथे लागे. परभणीच्या वाट्याला असलं वैभव आलं नाही. इथे पाहण्यासारखी दारं आहेत ती साध्या माणसांच्या घरांची. नानलपेठेतल्या जुन्या वाड्यांच्या काळपट चौकटी, मोमीनपुऱ्यातली हिरवी कवाडं, भीमनगरातली निळी दारं, आणि आता जवळजवळ प्रत्येक गल्लीत दिसणारे, पत्र्यावर मोर आणि सूर्य काढलेले लोखंडी दरवाजे.

या दारांकडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो आणि तिथेच थांबतो. माझं म्हणणं असं की दार घराचं असलं तरी त्याचा निम्मा हक्क रस्त्याकडे जातो. मालकी घरधन्याची, पण ते रोज पाहतो, त्याच्या सावलीला थांबतो, त्याच्या ओट्यावर टेकतो तो येणारा-जाणारा. म्हणून दाराचं मोल त्यावरच्या नक्षीवरून ठरवू नये. उंबऱ्याबाहेरच्या माणसाला ते काय देतं, यावरून ठरवावं. परभणीच्या दारांना ही कसोटी लावली की जुन्याबद्दलचा उमाळा आणि नव्याबद्दलची नाराजी, दोन्ही तपासून घ्यावे लागतात.

जुनं दार इथल्या मातीनं आणि उन्हानं घडवलेलं होतं. परभणी काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली चौकट जागेवर राहत नाही. आषाढात कवाड फरशीला घासू लागलं की सुताराला बोलावून कड तासून घ्यायची, हे घराघरातलं ठरलेलं काम. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, म्हणून पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच माळवद, आणि दार ठेंगणं. मोठ्या वाड्याला सागाची चौकट, साध्या घराला बाभळीची किंवा लिंबाची. गणेशपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना दिव्यासाठी कोनाडे, आतून भिंतीत सरकणारा अडसर, बाहेर कडी-कोयंडा. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत दिंडी: एकाच माणसानं वाकून आत यावं एवढी. वाकलेल्या माणसाला हत्यार उगारता येत नाही, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

दिंडीतून आत शिरलं की ढाळज. दोन्ही बाजूंना छताखालचे उंच ओटे. ना पुरतं घर, ना पुरता रस्ता. सालगडी इथे बसत, हिशेब इथे होई, परगावचा पाहुणा इथे पाय धुई, गावातल्या भांडणाचा निवाडाही इथेच. घराची चार-सहा खणांची जागा बाहेरच्या माणसासाठी राखून ठेवायची, आणि तीही सर्वांत थंड जागा, ही कल्पना मोठी होती. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील होईपर्यंत, लोकांनी रझाकारांच्या भीतीनं हे अडसर दिवसाढवळ्या सरकवले. तेवढा काळ सोडला तर मराठवाड्यातलं मोठं दार दिवसा उघडंच असे.

पण उघडं कुणासाठी? वाड्यांवर हळहळणारे लेख हा प्रश्न बहुधा टाळतात. ढाळज सगळ्यांना बसू देई, पण कुणी ओट्यावर, कुणी खाली जमिनीवर, आणि कुणी दिंडीच्याही बाहेर. दारातूनच जात ओळखली जाई. ज्यांच्या हातांनी भिंतीची माती तुडवली त्यांच्यातल्या अनेकांना त्या भिंतीच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. घरच्या बायकांसाठी तर दर्शनी दार जवळजवळ नव्हतंच. त्यांची ये-जा परसदारानं. सुरेख कोरलेली चौकट माणसांची प्रतवारी करण्याचं साधनही होती, हे मान्य केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्यात खरेपणा येत नाही.

हा प्रश्न या मातीत फार जुना आहे. औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ ला तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणीचंच होतं. तिथली कथा मराठवाड्यातल्या पोराटोरांना माहीत आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूला पिटाळलं, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यानं नामदेवांकडे तोंड केलं. नंदी मात्र मागे राहिला, आणि आजही तो देवळाच्या पाठीमागेच दाखवतात. ही कथा रचणाऱ्या लोकांनी दाराबद्दलचा आपला विचार स्पष्ट सांगून ठेवला आहे. माणसाला दाराकडे जाऊ दिलं नाही, तर दारानं माणसाकडे वळावं.

वारकऱ्यांच्या स्मृतीत उंबऱ्याला एवढं महत्त्व आहे ते याच कारणानं. गंगाखेडच्या जनाबाई याच जिल्ह्यातल्या. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी ही नामदेवांच्या कुटुंबाची समाधी, आणि जनाबाईही त्यांच्यासोबत तिथेच, असं परंपरा सांगते. नामदेवांनी जागा मागितली ती गाभाऱ्याजवळ नव्हे, येणाऱ्याच्या पायांखाली. त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी, आणि ती बाहेर. कारण त्यांना आत प्रवेश नव्हता. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं तेव्हा ते महाद्वार दलितांसाठी उघडलं. एवढ्या थोर संतांच्या समाध्या दारात असूनही दार उघडायला सहा शतकं लागली. दारावरची नक्षी आणि दारामागचं मन यांत किती अंतर असू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

हे ध्यानात ठेवून परभणीच्या साध्या वस्त्यांतून फिरलं की तिथल्या रंगांचा अर्थ उलगडतो. भीमनगरातलं निळं दार केवळ आवडीचा रंग म्हणून निळं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर महाराष्ट्रभर वस्त्यांमधल्या दारांवरचा मजकूर बदलला. चौकटीवर धम्मचक्र आलं, तथागतांची मूर्ती आली, कपाळपट्टीवर ‘जय भीम’ आलं. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर या भागातल्या खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्या सोळा वर्षांत आपल्या दारावर निळा रंग आणि ते दोन शब्द ठेवणं म्हणजे स्वतःची ओळख रस्त्याला निर्भयपणे सांगणं होतं. ज्यांच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या दारात उभं राहायला जागा नव्हती त्यांनी आपलं दार असं रंगवलं. परभणीतलं कुठलंही कोरीव सागवान या दाराच्या तोलाचं मला वाटत नाही.

मोमीनपुऱ्यात, दर्ग्याच्या वाटेवरच्या गल्ल्यांत हिरवं कवाड, वर ‘माशाअल्लाह’ लिहिलेली फरशी, एखाद्या चौकटीवर ७८६, आणि आत जाड पडदा. पडद्यामुळे दार उघडं ठेवूनही घराचा आडोसा राखता येतो. वारा आत येतो, नजर येत नाही. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसं या वाटेनं जातात. जुन्या हिंदू घरांत दसऱ्याला झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्या, भाद्रपदात महालक्ष्म्या येताना दारापासून आतपर्यंत काढलेली हळदी-कुंकवाची पावलं, लग्नघराच्या भिंतीवर पेंटरनं काढलेला गणपती आणि ‘स्वागतम्’. खेड्यांत पोळ्याला वेशीवर बांधलेलं तोरण. प्रत्येक समाज आपलं सणवार, श्रद्धा, आनंद आधी दारावर आणतो, कारण दार हे शेजाऱ्याला सांगण्याचं ठिकाण आहे.

लोखंडी दरवाजांचीही इथे बाजू घ्यायला हवी. सुताराची जागा वेल्डरनं घेतली, याची खंत अनेकांना वाटते. पण फॅब्रिकेशनच्या छोट्या दुकानांत पट्ट्या वाकवून केलेले चौकोन, पत्रा कापून बसवलेले मोर, कमळं, किरणं फेकणारा सूर्य, आणि मग घरच्या बाईनं निवडलेले दोन-तीन ऑइलपेंट, गुलाबी चौकटीत पोपटी मोर, ही आजची लोककला आहे. वाड्याचा दरवाजा गावात एखाद्याला परवडे. हा दरवाजा हमालाच्या, रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या घराला लागतो. सौंदर्य एवढ्या हातांत पोचलं, याचा आनंद मानायला हवा.

मग हरवतंय ते काय? दाराबाहेरची जागा. त्याची कारणं खरी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांच्या अंगावर कोसळली, आणि सगळ्या मराठवाड्याचा मातीच्या घरावरचा विश्वास उडाला. स्लॅबचं घर ही जिवाची गरज झाली. पुढे शहर वाढलं. २०११ च्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या तीन लाखांवर गेली आणि त्याच वर्षी महानगरपालिका झाली. जागेचा भाव चढला, अंगणाची पार्किंग झाली, ओट्यावर जिना आला, पुढे उंच कंपाउंड आणि बाहेरून आतलं काहीही न दिसणारं गेट. जुन्या पेठांत आणखी एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, रस्ता वर आला आणि उंबरा खाली गेला. दोन पायऱ्या चढून जायचं घर दोन पायऱ्या उतरून जायचं झालं. पहिल्या मोठ्या पावसात गटाराचं पाणी आत. मग दारातच सिमेंटचा बांध घालायचा. त्या बांधावर रांगोळी निघत नाही, म्हातारं माणूस तो ओलांडू शकत नाही, आणि बसायला तर कुणीच येत नाही.

यावर कुणी म्हणेल की चोऱ्या होतात, वाहनांचा धूर आणि धूळ आहे, आजच्या माणसाला खासगीपणा हवा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं माझ्या ओट्यावर का बसावं? यातली सुरक्षिततेची मागणी रास्त आहे. पण बंद गेटांच्या गल्लीत लक्ष ठेवायला कॅमेरा लागतो, आणि ज्या गल्लीत चार ओट्यांवर चार आज्या बसलेल्या असतात तिथे अनोळखी माणसाची चौकशी आपोआप होते. खासगीपणाही पडद्यानं, आडभिंतीनं, दार जरा बाजूला घेऊन राखता येतो. मोमीनपुऱ्यानं तो तसा राखला आहे. शिवाय ज्याचं घर एका खोलीचं आहे त्याला ओटा ही चैन नाही. बाईचं निवडणं-टिपणं, पोरांचा अभ्यास, रात्रीची झोप, सगळं त्याच्यावर होतं. बंगल्यानं ओटा मोडला तर एक बैठक जाते. वस्तीतला ओटा मोडला तर अर्धं घर जातं.

म्हणून चार गोष्टी ठामपणे मागाव्या लागतील. रस्ता नव्यानं करताना जुना थर खरवडून काढावा आणि घरांच्या उंबऱ्याची पातळी धरूनच काम व्हावं. ठेकेदाराच्या करारात ही अट हवी. अतिक्रमण हटवताना पक्क्या दुकानाला आणि वस्तीतल्या हातभर ओट्याला एकच माप लावू नये; गटार मोकळं राहील असा सामाईक ओटा गल्लीच्या संमतीनं आखता येतो. जुन्या वाड्यांच्या चौकटी आणि गणेशपट्ट्या लाकडाच्या भावानं विकल्या जाऊन दूरच्या हॉटेलांच्या शोभेला लागण्याआधी शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या गल्लीतल्या दारांची छायाचित्रांसह नोंद करावी, आणि त्या नोंदीत वाड्याइतकंच स्थान पत्र्याच्या दाराला द्यावं. चौथी मागणी वस्त्यांच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या स्वागतकमानींबद्दल. वस्तीचं नाव नेत्यांच्या चेहऱ्यांखाली दडवणारे फ्लेक्स तिथून हटवावेत. कमान वस्तीची असेल तर तिच्यावर वस्तीच्याच पेंटरचा हात आणि वस्तीचाच रंग असावा.

मातीचा वाडा परत येणार नाही, आणि त्यातली उतरंड परत येऊही नये. पण थंड जागा बाहेरच्यासाठी राखण्याची ढाळजेची रीत आणि आपलं नाव निर्भयपणे रस्त्याला सांगण्याची निळ्या दाराची हिंमत, या दोन्ही परभणीच्याच आहेत, आणि सिमेंटच्या घरातही त्या एकत्र आणता येतात. त्यासाठी नवं घर बांधताना प्रत्येकानं गेटाची उंची ठरवण्याआधी बाहेर किमान एका माणसाला बसता येईल एवढी जागा आखावी, आणि ती जात, धर्म न विचारता सर्वांसाठी ठेवावी. शहराचा मोठेपणा त्याच्या रस्त्यांच्या रुंदीत मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यापेक्षा परक्याला निःसंकोच टेकता येईल अशी किती दारं त्यात उरली आहेत, हे मोजायला आपण शिकलं पाहिजे.