उलटी बाजू

सुरतेच्या कतारगामात एका गाळ्यात हिरे घासायची घंटी फिरते, तर शेजारच्या गाळ्यात एम्ब्रॉयडरीचं मशीन धडधडतं. अशाच एका गाळ्यात अमळनेरकडचा एक पोरगा पंचिंग करायचा. म्हणजे चित्र संगणकावर घ्यायचं, कुठे कोणता टाका ते ठरवायचं आणि फाइल मशिनीला द्यायची. मग ओळीनं साऱ्या सुया एकदम तेच फूल काढतात. सुरत-भुसावळ रेल्वेनं खानदेशातली अशी कितीतरी घरं इथं आणली, भाकरी-ठेच्यासकट.

त्याच्या बहिणीच्या बाळाचं बारसं ठरलं, तेव्हा आजीनं पेटीतून जुने खाके काढले. ट्रेसिंग कागदावर सुईनं भोकं पाडलेले राघू, मोर, कोयऱ्या. खाका कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. रॉकेल उडून जातं, ठिपक्यांचा मोर राहतो.

“आजी, डोळे शिणतील तुझे. दे इकडं,” म्हणत नातवानं मोर स्कॅन केला. दुसऱ्या दिवशी कुंची हजर, पिसाऱ्यात झगझगीत जर. बाया हरखल्या. होतीच तशी देखणी.

बारशाला कुंची चढवली आणि पोर जे रडायला लागलं ते थांबेना. घुटी झाली, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, एका मावशीनं तर पाळण्याच्या दिशेलाच दोष दिला. आजीनं मुकाट्यानं कुंची उतरवली, उलटी केली आणि नातवाच्या गालावर घासली. बॅकिंग पेपरच्या कातरलेल्या कडा, बॉबिनच्या दोऱ्याच्या गाठी, जरीची टोचरी टोकं.

“मशीनचं असंच असतं,” तो पुटपुटला. “गिऱ्हाईक पुढूनच बघतं.”

“बघू दे की. पण आत डोकं कुणाचं आहे, पोऱ्या?”

त्या रात्री आजी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या नऊवारीच्या तुकड्यावर बसली. दोऱ्याला गाठ नाही. टोक टाक्यांखाली दाबत साखळी टाक्याचा मोर. नातू शेजारी बसून फक्त मागची बाजू बघत होता.

पुढच्या महिन्यात रिंग रोडच्या व्यापाऱ्याचा तान्ह्या बाळांच्या फ्रॉकचा माल आला. पोरानं नमुना उलटा करून मनगटावर घासला आणि आतून मलमलीचं अस्तर हवं म्हणाला. नगामागे खर्च वाढतो म्हणून व्यापारी भडकला. गाळ्याच्या शेठनं कपाळाला हात लावला. अर्धा माल व्यापाऱ्यानं उचलून शेजारच्या गाळ्यात दिलाही. उरलेला अस्तर लावून गेला.