जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न

कर्ज काढून जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या घेतल्या. नळाला करंगळीएवढी धार. मिस्त्रीनं भिंत फोडली. लोखंडी पाइप बाहेरून धडधाकट, आतून गंज धरून पार बुजलेला. त्यानं तो कापला, नवा टाकला, जोडाला सूत-सफेदा लावून पाना आवळला. पाणी आलं. बायकोनं त्याला आमच्याच कपात चहा दिला. मला बरं वाटलं. १९२७ साली महाडला तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्ला, आणि आज आपल्या मालकीच्या नळाला पाणी!

मग मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, येणारं पाणी झालं. जाणारं तुंबलंय. मागच्या बोळातलं चेंबर भरलंय. ते काम आपलं नाय. त्याला वेगळा माणूस आणावा लागंल.’

मी विचारलं, ‘किती घेईल?’

बस. एवढंच विचारलं. कोण येणार, कशानं काढणार, आत उतरणार का, काही नाही. भाव विचारला.

आतून आई म्हणाली, ‘आरं, उतरणार कोण त्यात? तुजा आजा गावची मेलेली ढोरं वढायचा. त्यालाबी कुनी इचारलं नव्हतं.’

मी बोळात जाऊन उभा राहिलो. टोपलीचे संडास होते तेव्हा मैला नेणाऱ्याचा पाय घराला लागू नये म्हणून हा बोळ ठेवलेला. टोपल्या गेल्या, बोळ राहिला. आणि आता त्या बोळाचा मालक मी. बाबासाहेबांचा फोटो पुढच्या खोलीत, बोळ मागं.

कायदा आहे. १९९३ चा होता, २०१३ साली नवा आला. सुरक्षेची साधनं न देता गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नगरपालिकेला लागू तसा घरमालकालाही लागू. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मरणाची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तरी माणसं मरतात. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा घाण मारतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे धोका गेला, असं उतरणाऱ्याला वाटतं. तो पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो.

कुणी म्हणेल, अशानं त्याची रोजी जाईल. आपल्या लोकांनी ढोरं ओढायचं सोडलं तेव्हा गावही हेच म्हणत होतं, ‘मग खाणार काय?’ तेव्हा आपल्याला त्या कळवळ्याचा अर्थ बरोबर कळला होता. आज तेच वाक्य आपल्या तोंडी का यावं?

बाबासाहेबांनी जातीची उतरंड दाखवली. प्रत्येक मडक्याखाली आणखी एक मडकं. वरच्याला शिव्या घालायला आपण शिकलो, ते बरोबरच. पण खालच्याकडं वाकून बघायला शिकलो का? नोकरी लागली, घर झालं, की आपणही विचारतो, ‘किती घेईल?’

शेवटी मैला ओढणारी गाडी बोलावली. बोळात ती शिरेना. रस्त्यावर उभी करून लांब पाइप टाकला. दोन दिवस मोरी बंद, पैसे दुपटीहून जास्त. कुणी आत उतरलं नाही. यात माझी काही मोठाई नाही. आईनं विचारलं नसतं तर मी माणूस उतरवलाच असता, आणि संध्याकाळी मीटिंगला जाऊन भाषणही ठोकलं असतं.

येणाऱ्या पाण्यासाठी आपण लढलो. जाणारं पाणीही आपलंच आहे, त्याची घाणही आपलीच. तुमची मोरी तुंबेल तेव्हा भाव नंतर विचारा, गड्यांनो. आधी विचारा, उतरणार कोण?