दयेला विवेकाची जोड

रस्त्यावर अपघात होतो. मोटारसायकलवरून जाणाऱ्या तरुणाला जखमी माणूस दिसतो. थांबावे की पुढे जावे, या प्रश्नाचे उत्तर प्रभू येशूने दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात केव्हाच देऊन ठेवले आहे. परंतु थांबल्यावर काय करावे, हा दुसरा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. अंतःकरण चांगले असले म्हणजे झाले, अशी आपली समजूत असते. ती समजूत अपुरी आहे, असे आम्हांला वाटते.

दाखल्यातील याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. आजच्या वाटसरूला पाय मागे घ्यायला लावते ते पोलिसांचे आणि कोर्टकचेरीचे भय. हे भय पूर्वी अगदीच निराधार नव्हते. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला, पोलीस केस म्हणून, जवळच्या रुग्णालयाने दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच मरण पावला. त्या प्रकरणावरूनच १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राण वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य ठरवले. पुढे २०१६ साली त्याच न्यायालयाने मदतकर्त्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने धावून जाणाऱ्यास आता नाव सांगण्याची सक्ती नाही. तेव्हा कायद्याकडे बोट दाखवून पळवाट काढण्याची सोय उरलेली नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मदतकर्त्याने प्रथम स्वतःला सांभाळावे, असे सांगितले की ते स्वार्थाचे वाटते. परंतु धावत्या वाहनांमध्ये बेभान शिरलेला तरुण स्वतःच चिरडला गेला, तर एका जखमीचे दोन होतात आणि पहिल्याच्या वाट्याची मदत विभागली जाते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. स्वतःला तुच्छ लेखण्याची नाही. म्हणून मोटारसायकल अपघाताच्या जागेपलीकडे, रस्त्याच्या कडेला, इंडिकेटर चालू ठेवून उभी करावी. दुचाकी ही आडोसा म्हणून निरुपयोगी असते. एकाने वाहनांकडे तोंड करून कडेकडेने बरेच मागे चालत जावे आणि रंगीत कापड किंवा बॅटरी हलवून येणाऱ्यांना सावध करावे. पुढे वळण असेल, तर वळणाच्याही अलीकडे. पडलेल्या वाहनाचे इंजिन बंद करावे. पेट्रोल सांडलेले असू शकते. कोणी विडी-सिगारेट पेटवू नये. मग १०८ किंवा ११२ ला फोन करून ठिकाण, रस्त्याची दिशा आणि जखमींची संख्या सांगावी.

शोमरोन्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. आज पुष्कळ जण त्याच भावनेने जखमीला दोघांमध्ये धरून मोटारसायकलवर बसवतात. मान वा कणा दुखावलेला असेल, तर हाच प्रवास त्याला कायमचे पंगू करू शकतो. येथे शोमरोन्याच्या कृतीची नक्कल करायची नसून त्याच्या दयेचे अनुकरण करायचे आहे. त्याच्याजवळ जनावर होते, आपल्याजवळ रुग्णवाहिका आहे. आगीचा किंवा वाहनांचा धोका नसेल, तर जखमीला हलवू नये.

हेल्मेटचेही तसेच. श्वास चालू असेल, तर हेल्मेट काढू नये. फक्त पुढची काच वर करावी. श्वास बंद असेल किंवा उलटीने कोंडत असेल, तरच दोघांनी मिळून ते काढावे: एकाने डोके व मान स्थिर धरावी, दुसऱ्याने हेल्मेट हळूच ओढावे. तोंडात पाणी घालू नये. बेशुद्धाचा त्याने श्वास कोंडतो. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. हातात मोजे नसल्यास प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. आणि जो मोठ्याने ओरडतो त्याच्याआधी जो गप्प पडला आहे त्याच्याकडे जावे. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, एवढे तरी निश्चित असते. दुःखाचा आवाज मोठा, म्हणून गरजही मोठी, असे नसते. हा धडा रस्त्यापुरताच नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी विवेकाला सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. सारथी नसलेला रथ जोरात धावतो, पण कोठे जाईल ते सांगता येत नाही. शोमरोन्याची दयाही आंधळी नव्हती. त्याने द्राक्षारस व तेल ओतून जखमा बांधल्या. दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन जखमीला उतारशाळेच्या रखवालदाराच्या हवाली केले. आपले काम कोठे संपते, हे त्याला ठाऊक होते. रुग्णवाहिका आली की जाणकारांना जागा करून देणे, गर्दी हटवणे, आणि पाहिले ते नीट सांगणे, हीदेखील सेवाच आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसईकरांपैकी पुष्कळांच्या रोजच्या वाटेवर आहे. धर्मग्रामातील युवकांनी प्रशिक्षित माणसाकडून प्रथमोपचार शिकून घ्यावेत, छातीवर दाब देण्याची रीत हाताने करून पाहावी, आणि डिकीत स्वच्छ कापड, हातमोजे व बॅटरी ठेवावी. दया ही देवाची देणगी आहे. तिचा उपयोग कसा करावा, हे मात्र आपल्याला शिकावे लागते. न शिकलेली दया रस्त्यात गोंधळून उभी राहते, आणि जखमीजवळ थांबायला वेळ नसतो.