कबुली आणि सत्य

गुन्ह्याची बातमी कानी येते तेव्हा आपण पहिल्याने विचारतो, ‘कोणी सापडला का?’ नेमके काय घडले हा प्रश्न मागाहून येतो, आणि एकदा कोणी सापडला की तो बहुधा येतच नाही. या क्रमात एक नैतिक पेच दडलेला आहे असे आम्हांस वाटते. तपास करणारा अधिकारी कोणाला बांधील असतो? आरोपी मागणाऱ्या समाजाला, की सत्याला? दोन्ही एकच, असे कोणी म्हणेल. परंतु नेहमी तसे नसते.

नाशिकजवळ ५ जून २००३ च्या रात्री शेतावरच्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यातून वाचलेल्या मातेने दोनच दिवसांनी, पोलिसांकडील गुन्हेगारांची छायाचित्रे पाहून, त्यांतले चौघे ओळखले. त्या चौघांवर खटला झालाच नाही. खटला झाला तो भटक्या जमातीतील दुसऱ्याच सहा जणांवर. २००६ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरविली. मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवून सर्वांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये देण्यास राज्य शासनाला सांगितले आणि कसूर करणाऱ्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर सुमारे सोळा वर्षे लोटली होती. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात उघड झाले.

येथे अन्याय झाला तो केवळ सहा जणांवर नव्हे. त्या मातेने बोट दाखविले होते. ते बोट ज्या दिशेला होते तिकडे कोणी गेले नाही. निरपराध्याला पकडणे म्हणजे अपराध्याला मोकळे सोडणे, हे इतके उघड आहे की ते लिहिताना संकोच वाटतो. तरीही आपण ते विसरतो, आणि आरोपी जर पालावर राहणारा, ओळखीपाळखी नसलेला असेल तर फारच लवकर विसरतो.

पवित्र शास्त्रात तपासाची एक कथा आहे. दानीएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील सुसन्नेची. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात, सभा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवते आणि तिला मरणदंड ठरतो. तरुण दानीएल मध्ये पडतो आणि काय करतो? कोणाला मारत नाही, दरडावूनही कबुली घेत नाही. दोघा साक्षीदारांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन निरनिराळी झाडे सांगतात आणि खोटेपणा उघडा पडतो. चांगल्या तपासाचे सारे मर्म येथे आहे. लहानसा, पडताळता येणारा तपशील हा मोठ्या माणसाच्या शब्दापेक्षा वजनदार मानणे. दानीएलने संशय घेतला तो दुबळ्या स्त्रीवर नव्हे, प्रतिष्ठितांवर. आजच्या तपास अधिकाऱ्यालाही याहून अवघड काम क्वचितच करावे लागत असेल.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या आमच्या पिढीला गुन्हेगाराच्या कबुलीवाचून गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटत नाही. कायद्याचे मत मात्र निराळे आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातला हा सर्वसाधारण नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही टिकला आहे. परकीय सत्तेला आपल्याच पोलिसांची खात्री नव्हती, हे त्यातून ध्वनित होते. आम्हा धर्मगुरूंना या नियमाचे मर्म कळावयास हवे. कुमसाराला येणारा माणूस स्वतःच्या पायांनी येतो. ओढून आणलेल्याचे कुमसार हे कुमसारच नव्हे. वेदनेतून निघालेला शब्द वेदनेविषयी सांगतो, पापाविषयी नाही.

अर्थात ख्रिस्तसभेने हा धडा नेहमीच पाळला असे म्हणण्याची सोय नाही. पोप पहिले निकोलस यांनी ८६६ मध्ये बल्गेरियनांना लिहिलेल्या पत्रात छळाने कबुली घेण्याचा निषेध केला होता. १२५२ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी पाखंड्यांच्या चौकशीत छळाला मुभा दिली. गोव्यात १५६० ते १८१२, मधला थोडा खंड वगळता, धर्मन्यायालय होते, आणि सिंधुदुर्गातील अनेक ख्रिस्ती घराण्यांची मुळे गोव्यातच आहेत. १६३१ मध्ये फ्रीडरिश श्पे या येशूसंघीय धर्मगुरूने, चेटकिणी म्हणून जाळल्या जाणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिताना, छळापुढे कोणीही काहीही कबूल करील असे ठणकावून मांडले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात छळाचा स्पष्ट निषेध आहे, आणि पूर्वी ख्रिस्तसभेच्याही व्यवहारात तो शिरला होता ही खंतही आहे.

ही दूरची गोष्ट नव्हे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या संशयावरून धरलेला एक तरुण पोलीस कोठडीत मारहाणीने मेला, तो पळून गेल्याचा बनाव रचला गेला आणि त्याचे प्रेत आपल्या आंबोलीत आणून जाळले, असा आरोप होऊन एका अधिकाऱ्यासह काही पोलिसांना अटक झाली. हा बनाव उघड करणारेही पोलीसच होते, हे येथे नमूद केले पाहिजे. सहकाऱ्याविरुद्ध पुरावा गोळा करणे यासारखी कसोटी त्या नोकरीत दुसरी नसेल.

पोलिसाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. जो हवालदार गणपतीत बंदोबस्ताला, मंत्र्यांच्या दौऱ्यात महामार्गावर आणि निवडणुकीत मतदान केंद्रावर उभा असतो, त्याच्याच टेबलावर तपासाचे कागद पडलेले असतात. तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला होता. त्यात भर आपल्या घाईची. दोन दिवसांत आरोपी न मिळाल्यास आपण मोर्चा नेतो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मिळतो.

आणि साक्ष? आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. खरी साक्ष टाळण्याची परवानगी ती देत नाही. आमच्या कसालहून जिल्ह्याचे ठाणे ओरोस हाकेच्या अंतरावर, तरी पंच म्हणून बोलावणे आले की आपली माणसे शेताचे, लग्नाचे, तब्येतीचे कारण पुढे करतात. तारखांचे हेलपाटे आम्हांस ठाऊक आहेत. त्यात मजुरी बुडते हेही खरे. पण कोणीच गेले नाही तर पोलीस ठरावीक माणसांनाच पंच करतात, आणि ते कोऱ्या कागदावरही सही करतात. नव्या कायद्याने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, तरी सही माणसालाच करावी लागते. पंचनाम्यात जे लिहिले ते आपल्या डोळ्यांदेखत घडले का, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहता येते. घाईत असलेल्या हवालदाराला ते रुचणार नाही. पण दोन पानांचा कागद वाचावयास दहा मिनिटे पुरतात.