डोळे पुसल्यानंतर



शाळेत असताना वाचलेले आणि अजूनही मनातून न गेलेले पुस्तक कोणते, असा प्रश्न रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात दहा जणांना विचारून पाहा. बहुतेक जण एकच नाव घेतील : साने गुरुजींचे 'श्यामची आई'. कोणी ते शाळेच्या वाचनालयातून आणलेले असते, कोणाला ते बक्षीस मिळालेले असते, तर कोणी त्यातले एखादेच प्रकरण वर्गात ऐकलेले असते. पण पुढचे वाक्य सर्वांचे सारखेच असते : "वाचताना मी रडलो होतो."

आज या वाक्याचाच थोडा विचार करू या. पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी येणे चांगलेच आहे. ज्याला दुसऱ्याच्या दुःखाने काहीच होत नाही त्याची काळजी वाटावी. पण रडलो म्हणजे पुस्तकावर प्रेम केले, असे म्हणता येईल का? की त्या प्रेमाची परीक्षा डोळे पुसल्यानंतर सुरू होते?

माझाच अनुभव सांगतो. माझी आई संगमनेरातल्या कितीतरी बायांप्रमाणे विड्या वळत असे. भिजवलेली टेंभुर्णीची पाने कातरायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचे आणि संध्याकाळी विड्या मोजून द्यायच्या. मी सातवीत असताना आमच्या गुरुजींनी मला वर्गापुढे 'अळणी भाजी' हे प्रकरण वाचायला सांगितले. आपल्याला ते ठाऊकच आहे. त्या दिवशी श्यामची आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्दही न बोलता ती भाजी खातात. वडील बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. जिने कष्टाने रांधले तिचे मन दुखवू नये, एवढाच त्यामागचा विचार. मागून आई जेवायला बसते तेव्हा तिला आपली चूक कळते आणि ती हळहळते.

मी दोन दिवस घरी सराव केला होता. वर्गात वाचताना शेवटी माझा आवाज भरून आला. गुरुजींनी पाठ थोपटली. मी अगदी हवेत घरी आलो.

त्याच रात्री आमच्या घरी मेथीची भाजी होती. आईला विड्या पुऱ्या करायला उशीर झाला होता. तिने घाईघाईत भाजी टाकली आणि मीठ राहून गेले. मी एक घास घेतला, ताटली पुढे ढकलली आणि म्हणालो, "ही काय भाजी आहे?" माझी धाकटी बहीण तेव्हा आठ वर्षांची होती. माझा सराव ऐकून ऐकून तिला ती गोष्ट पाठ झाली होती. ती सहज म्हणाली, "दादा, श्यामने तर खाल्ली होती."

आई हसली आणि मीठ घेऊन आली. पण मला पुढचा घास गिळेना.

जुन्या करारातील नाथान संदेष्टा आणि दावीद राजा यांची गोष्ट आपण ऐकलेली आहे. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेतली, ही कथा ऐकून दावीद राजा संतापतो. कथेतला अन्याय त्याला लगेच कळतो, स्वतःचा मात्र कळत नाही. ती कथा तुझीच आहे, हे नाथानाला सांगावे लागते. आमच्या घरी ते काम आठ वर्षांच्या मुलीने केले.

पुढे कितीतरी वर्षांनी संत ऑगस्टीन यांचा आत्मकथनपर ग्रंथ 'कबुलीजबाब' वाचनात आला. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत शाळेत शिकताना ऑगस्टीन यांना व्हर्जिल कवीचे महाकाव्य वाचावे लागे. त्यातला एनियास हा वीर डिडो राणीला सोडून जहाजाने निघून जातो आणि ती राणी प्राण देते. लहानगा ऑगस्टीन डिडोसाठी रडला. मोठेपणी त्यांनी स्वतःलाच दोष दिला, की मी पुस्तकातल्या राणीच्या मरणावर रडलो, पण देवापासून दूर जाऊन माझा आत्मा मरत होता त्याचे मला रडू आले नाही.

याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. इ. स. ३८३ मध्ये ऑगस्टीन रोमला निघाले. आई मोनिका त्यांना सोडायला तयार नव्हती. मित्राला निरोप देऊन येतो, असे खोटे सांगून त्यांनी तिला कार्थेजच्या किनाऱ्यावरील एका प्रार्थनास्थळात ठेवले आणि रात्रीतून जहाजात बसून निघून गेले. सकाळी आई किनाऱ्यावर आक्रोश करीत राहिली. म्हणजे पाहा, किनाऱ्यावर मागे राहिलेल्या डिडोसाठी जो मुलगा शाळेत रडला, त्यानेच पुढे आपल्या आईला तसेच मागे ठेवले! संत होण्याआधी ऑगस्टीनही आपल्यासारखेच वाचक होते, हे वाचून मला जरा धीर आला.

मग पुस्तके वाचून रडण्याचा उपयोग तरी काय? काही विचारी लोक 'श्यामची आई'वर असा आक्षेप घेतात, की हे पुस्तक फार रडवते, आणि आईला एकदा त्यागाची देवी केले की घरातले बाकीचे मोकळे होतात. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. आईची थोरवी गात गात तिलाच राबवणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण यात दोष पुस्तकापेक्षा आपल्या वाचनाचा अधिक आहे. याच पुस्तकात 'अर्धनारी नटेश्वर' नावाचे प्रकरण आहे. त्यात श्याम आईला घरकामात मदत करतो. बायकांची म्हणून ठरलेली कामे पुरुषांनीही शिकली पाहिजेत, हाच त्याचा बोध आहे. ते वाचून कोणी रडत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही राहत नाही!

आपण एखादे पुस्तक कोणाच्या जागी बसून वाचतो, हेही पाहिले पाहिजे. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात एका वृद्ध बाईची लाकडांची मोळी खाली पडते. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या समाजातली ती बाई. तिला हात लावायला कोणी तयार नसते. आईच्या सांगण्यावरून श्याम तिला मोळी उचलून देतो. शाळेत आम्ही सर्वांनी ही गोष्ट श्यामच्या जागी बसून वाचली आणि त्याचे कौतुक केले. पण आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात अशी अनेक घराणी आहेत, ज्यांच्या आज्या-पणज्या त्या म्हातारीच्या जागी होत्या. त्यांच्यापैकी किती जणींना श्याम भेटला असेल? तिच्या जागी बसून वाचले की मनात वेगळाच प्रश्न येतो : आज कोणाची मोळी खाली पडली आहे आणि मी बाजूने निघून जातो आहे?

स्वतः साने गुरुजी रडून थांबले नाहीत. त्यांची आई १९१७ मध्ये वारली. शेवटच्या भेटीला ते पोहोचू शकले नाहीत आणि ही खंत त्यांना जन्मभर राहिली. फेब्रुवारी १९३३ मध्ये आपल्या शेजारच्या नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहून काढले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पण ते पदक पाहायला गुरुजी नव्हते. ते १९५० मध्येच गेले. त्याआधी मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केले आणि विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडले जावे म्हणून आपला जीव पणाला लावला. पुस्तकात आईने मुलाला एक मोळी उचलायला शिकवले होते. मुलाने तो धडा आपल्या आयुष्यात किती पुढे नेला!

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. मी त्या पुस्तकावर चाळीस वर्षे प्रेम केले, अनेकांना ते भेट दिले, पण आईला कधी वाचून दाखवले नाही. मला ते सुचलेच नाही. तिच्या शेवटच्या आजारात माझ्या बहिणीने ते काम केले. रोज रात्री एक प्रकरण. एकदा मी तिथे असताना 'अळणी भाजी' चालले होते. आई डोळे मिटून ऐकत होती. आता ती त्या वडिलांचे कौतुक करील, अशी माझी अपेक्षा होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सगळे जेवून उठल्यावर ती एकटीच जेवायला बसली ना?"

मी ते प्रकरण किती वेळा वाचले असेल! पण हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. मी ते मुलाच्या जागी बसून वाचत आलो. आईने ते सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या जागी बसून ऐकले. वडील चांगले होते, मुले चांगली होती, तरीही ती एकटीच जेवली.

तेव्हा वाचकहो, आपल्या आवडत्या पुस्तकांवर जरूर प्रेम करा. रडू आले तर रडा. रडण्याची लाज नको. संत ऑगस्टीनही आपल्या आईच्या मृत्यूनंतर रडले आणि त्या अश्रूंची त्यांना लाज वाटली नाही. फक्त डोळे पुसल्यावर आजूबाजूला एकदा नीट पाहा. ज्याच्यासाठी आपण पुस्तकात रडलो तो माणूस बहुधा आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत असतो.

या आठवड्यात एक करून पाहू या. 'श्यामची आई' कपाटातून काढू या आणि त्यातले एक प्रकरण घरातल्या अशा व्यक्तीला वाचून दाखवू या, जिला वाचता येत नाही किंवा आता डोळ्यांनी दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटे लागतील. वाचून झाल्यावर तिला काय वाटले ते विचारू या. आणि त्या रात्री तिच्याबरोबरच जेवायला बसू या.