म्हाताऱ्या घोड्याचा खूर

झेनोफन नामक ग्रीक सेनानीनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वविद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. घोडा विकत घेणाऱ्यानें प्रथम त्याचे पाय, आणि पायांतहि प्रथम खूर पाहावे, असें तो बजावतो. उपदेश शहाणपणाचा खरा. पण तो खरेदीदारास केलेला आहे. ज्याच्या दारीं घोडा वीस वर्षें उभा आहे, व ज्याला आतां तो विकावयाचाहि नाहीं आणि जुंपावयाचाहि नाहीं, त्यानें त्या खुरांकडे कोणत्या नात्यानें पाहावें, हा प्रश्न आम्हांस अधिक बिकट वाटतो.

खूर हा आपल्या नखाच्याच जातीचा पदार्थ. तो महिन्यास सुमारें 6 ते 10 मिलिमीटर वाढतो; म्हणजे पुढची बाजू संपूर्ण नवी होण्यास 9 ते 12 महिने लागतात. पडलेली चीर सांधत नाहीं. ती वाढीबरोबर खालीं सरकून कापली जावी लागते. बायोटिन चारलें तरी त्याचा गुण दिसावयाचा तो नव्या खुरांत. म्हणून आज उपचारास आरंभ करणारा पुढील वर्षाशीं करार करीत असतो. ज्याचें पुढील वर्ष निश्चित नाहीं, त्या जनावराच्या वतीनें असा करार करावा काय?

व्यवहारी माणूस नाहीं म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. आणि आमचें कारण कृतज्ञता हें नव्हे. कृतज्ञतेचें नांव अशा प्रसंगीं फार घेतलें जातें, परंतु घोड्यानें आपल्याशीं चाकरीचा ठराव कधींच केला नव्हता. रानांतील घोडा हिंडून हिंडून आपले खूर आपणच झिजवतो. आपण त्यास खुंट्याला बांधलें, तेव्हांपासून तें काम आपल्याकडे आलें. तो म्हातारा झाला म्हणून तें सुटत नाहीं.

काम मोठें नीरस आहे. दर 6 ते 8 आठवड्यांनीं नालबंदाकडून खूर कापून सारखे करावयाचे, रोज तळ खरवडावयाचा, पागा कोरडी ठेवावयाची. सांधे धरलेल्या घोड्यास तीन पायांवर उभें राहणें जड जातें. नालबंदानें पाय खालींच धरून मधून मधून टेकूं द्यावा. उन्हाळ्यांतहि लांब केस झडत नसतील, तर मेंदूखालच्या ग्रंथीचा विकार संभवतो, व त्यापायीं खुराच्या आंतील पापुद्रे सुजतात. अशा घोड्यास प्रेमानें भरविलेला गुळाचा खडा विषासारखा; दयेलाहि पथ्य असतें!

वेदनाशामक औषधाचें कोडें याहून अवघड. तीच पूड विश्रांतीसाठीं देतां येते, आणि आणखी एक फेरी मारून घेण्यासाठींहि. वयामुळें वा रोगामुळें अपात्र झालेल्या जनावरास कामास लावणें 1960 च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण माथेरानसारख्या डोंगरगावीं ज्याची चूल घोड्याच्या चार पायांवर पेटते, त्यास घरांत बसून दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

आणि कधीं आंतलें हाड वळून तळव्याशीं येतें, घोडा उठेनासा होतो. मग तें वर्ष आपण कोणासाठीं मागत आहों? आमच्या ओळखीचा एक वृद्ध नालबंद अशा घोड्याचा पाय उचलण्यापूर्वीं चंदीचें भांडें चार पावलें दूर ठेवावयास सांगतो, आणि घोडा आपणहून निघतो कीं नाहीं हें पाहत उभा राहतो.