ऐकावे कुणाचे?

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा शहाणपणा तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. जन काहीही बोलोत, शेवटचा कौल मनाचा, हे आपण गृहीतच धरून चालतो. परंतु सांगणारे दोन असले, दोघेही आपल्या हिताचेच सांगत असले, आणि दोघांचे सांगणे नेमके एकमेकांच्या उलट असले, तर मनाने काय करावे? आणि तेही अर्ध्या मिनिटात? हा प्रश्न कुठल्या पोथीतला नव्हे. विमानांच्या अपघाताच्या एका चौकशी-अहवालातला आहे.

मोठ्या प्रवासी विमानांत आज एक यंत्र असते. वैमानिक त्याला 'टीकॅस' म्हणतात. आसपासच्या विमानांना ते सारखे विचारीत असते, की बाबा, तू किती उंचीवर आहेस? आलेल्या उत्तरावरून हिशेब मांडते, आणि टकरीचा रंग दिसला की प्रथम 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असे बजावते. तरीही वाट मोकळी झाली नाही तर स्पष्ट आज्ञा करते: 'क्लाइंब', वर चढा, किंवा 'डिसेंड', खाली उतरा. ह्यातली खरी खुबी अशी की दोन्ही विमानांतली यंत्रे आधी आपसांत ठरवतात आणि मगच बोलतात. एकाने वर जायचे ठरले की दुसऱ्याला खालीच धाडायचे. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच बाजूला सरकतात, ओशाळून पुन्हा एकाच बाजूला सरकतात. तो प्रकार आकाशात होऊ नये म्हणून ही योजना. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. त्यानंतर आपल्याकडे हे यंत्र सक्तीचे झाले.

आता १ जुलै २००२ ची रात्र पाहा. जर्मनीच्या दक्षिण टोकाला, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी उबरलिंगेन नावाचे गाव आहे. त्याच्या माथ्यावर ३६,००० फुटांवरून दोन विमाने येत होती. एक मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेले रशियन विमान. त्यात बरीच मुले होती, बहुतेक सुट्टीच्या सहलीला निघालेली. दुसरे मालवाहू बोइंग, त्यात दोघेच वैमानिक. दोन्ही विमानांत यंत्र होते आणि ते चांगले चालतही होते. जमिनीवर झुरिकच्या नियंत्रणकक्षात त्या वेळी एकच माणूस दोन पडद्यांचे काम पाहत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला. मुख्य टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद. धोका त्याच्या उशिरा ध्यानात आला. त्याने रशियन विमानाला सांगितले, खाली उतरा. त्यानंतर अवघ्या सात सेकंदांनी विमानातले यंत्र बोलले: वर चढा. आणि त्याच क्षणी पलीकडच्या बोइंगमधले यंत्र म्हणाले: खाली उतरा.

बोइंगने यंत्राचे ऐकले. रशियन विमानात सहवैमानिकाने यंत्र वर जायला सांगते आहे हे बोलूनही दाखवले. परंतु कप्तानाने खालच्या माणसाचे ऐकले. दोन्ही विमाने खाली उतरू लागली. छत्तीस सेकंदांत सारे आटोपले. ७१ माणसे गेली.

त्या कप्तानाला मूर्ख ठरवणे सोपे आहे. मला ते जमत नाही. त्याच्या कानाशी एक जिवंत माणूस बोलत होता, आणि घाईघाईने पुन्हा तेच सांगत होता. रात्रीच्या अंधारात माणसाने माणसाच्या आवाजावर विसंबू नये, हे कुणी कुणाला शिकवले आहे? त्यातून त्याच्या हातातली नियमपुस्तके टकरी टाळण्याचे मुख्य साधन म्हणून नियंत्रकाकडेच बोट दाखवत होती. दीडच वर्षापूर्वी, ३१ जानेवारी २००१ रोजी, जपानच्या आकाशातही दोन विमानांच्या बाबतीत हेच घडले होते. तिथे वैमानिकांनी डोळ्यांनी समोरचे विमान पाहिले म्हणून निभावले. शंभराच्या आसपास माणसे जखमी झाली, एवढ्यावर भागले. त्या इशाऱ्यातून जगाने वेळीच बोध घेतला असता तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तरीही कप्तानाने यंत्राचे ऐकायला हवे होते असे मी म्हणतो, ते यंत्र माणसाहून शहाणे आहे म्हणून नव्हे. यंत्राच्या शहाणपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी २०१८ आणि २०१९ साली इंडोनेशियात आणि इथिओपियात पडलेली बोइंग मॅक्स विमाने आठवावीत. तिथे यंत्र एकाच संवेदकाच्या चुकीच्या सांगण्यावरून विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली दाबत राहिले आणि ३४६ जीव गेले. फरक आहे तो दुसरीकडेच. मॅक्सचे ते यंत्र एकट्याने, एका साक्षीवर वागत होते. टीकॅसची आज्ञा हा दोघांमधला करार असतो. 'वर चढा' हे वाक्य कप्तानाला पूर्ण वाटले, पण ते अर्धेच होते. त्याचा दुसरा अर्धा भाग अंधारात, एका अनोळखी माणसाच्या कानात पडत होता, आणि तो माणूस त्यावर विसंबून खाली येऊ लागला होता. करावे मनाचे म्हणायला इथे मन एकट्याचे उरलेच नव्हते. आपल्या कितीतरी जबाबदाऱ्या अशाच असतात, नाही का? ज्याने आपल्यावर भरवसा टाकला आहे तो आपल्याला दिसतही नसतो.

त्या नियंत्रकाचे पुढे काय झाले, हे सणाच्या दिवसांत सांगावे की नाही, असा मला विचार पडला होता. त्या विमानात बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका बापाने २००४ च्या फेब्रुवारीत त्याला त्याच्या घराच्या दारातच भोसकून मारले. त्या अपरात्री एकट्या माणसावर दोघांचे काम कुणी सोपवले, ह्याचा न्यायनिवाडा मग २००७ साली न्यायालयात झाला. तोवर दोघेही बाप, एक मेलेला आणि एक तुरुंगात.

नियम आता निःसंदिग्ध झाला आहे. यंत्राने आज्ञा केली की वैमानिकाने ती पाळायची, जमिनीवरून कुणी काहीही सांगो. अपवाद फक्त ती पाळल्याने विमानच धोक्यात येणार असेल तेव्हाचा. त्याने खाली एवढेच कळवायचे: 'टीकॅस आरए'. आणि ज्याचा सारा धंदा बोलण्याचा, त्या नियंत्रकाने त्यावर 'रॉजर' म्हणून, 'धोका टळला' असे वैमानिकाकडून ऐकू येईपर्यंत, पडद्यावरचे ते दोन ठिपके जवळ येताना पाहत गप्प बसायचे.